रेस वाढवून दुखणं जात नाही

गेल्या उन्हाळ्यात राजूर घाट उतरताना माझी झेन बंद पडली. वळण आलं म्हणून ब्रेक दाबला, इंजिन थरथरलं आणि थांबलं. पाठोपाठ ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं. सगळा जोर लावून आणि हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी कठड्याच्या अलीकडे थांबवली. मोताळ्याकडून वर येणारी एसटी शेजारून गेली, तेव्हा कुठे हात कापताहेत हे कळलं.

गाडी १९९७ सालची, कार्ब्युरेटरवाली. त्याआधी तीन आठवडे ती बुलढाण्यातल्या प्रत्येक चौकात बंद पडत होती. पळताना तक्रार नाही. थांबायला आली की बंद. दोनदा गॅरेजला नेली आणि दोन्ही वेळा स्क्रू फिरवून रेस वाढवून मिळाली. चार दिवस बरे गेले की पुन्हा तेच.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला मिनिटाला आठ-नऊशे फेऱ्यांवर स्वतःच्या दमाने फिरत राहायचं असतं. तेव्हा आत जाणारी हवा आणि पेट्रोल इतकं थोडं असतं की जरा कमी-जास्त झालं तरी ते कोलमडतं. वेगात तोच दोष पचून जातो. म्हणून थांबताना गाडी बंद पडत असेल, तर आधी त्या लहान मापात काय बिघडलंय हे पाहायला हवं. कार्ब्युरेटरच्या गाडीत बहुधा स्लो जेटमध्ये कचरा अडकलेला असतो, किंवा इंजिन कुठून तरी फुकटची हवा ओढत असतं. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीवर काजळी चढते आणि मंद चालीला हवा पुरवणारा छोटा व्हॉल्व्ह तिच्यात चिकटतो. आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांची धूळ एअर फिल्टर कोंडते, ते वेगळंच.

माझ्या गाडीनं खरं तर आणखी एक खूण दिली होती. ब्रेक जड लागत होता. गाडीचं वय झालं, असं म्हणून मी ते सोडून दिलं आणि गॅरेजमध्ये सांगितलंही नाही. पण पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला लागणारा ओढा, म्हणजे व्हॅक्यूम, इंजिनाच्या मॅनिफोल्डमधूनच येतो, एका रबरी पाईपमधून. तो पाईप बूस्टरजवळ तडकला होता. तिथून आत शिरणारी हवा कार्ब्युरेटरला वगळून थेट इंजिनात जात होती, मिश्रण पातळ होत होतं आणि बूस्टरला ओढा मिळत नव्हता. दोन तक्रारी, दुखणं एकच. रेस वाढवल्यामुळे इंजिनाची तक्रार तेवढी झाकली गेली आणि ब्रेकचा धोका तसाच राहिला. म्हणूनच तपासल्याशिवाय रेस वाढवण्याला माझा विरोध आहे.

ही तपासणी घरच्या अंगणात होते. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच दाबून धरा आणि गाडी चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, किंवा उभ्या गाडीत ब्रेक दाबला की इंजिनाची चाल बदलत असेल, तर बूस्टर आणि त्याचा पाईप आधी पाहायचा. एसी लावल्यावरच बंद पडते का? गाडी तापल्यावरच का? चढाला दमही खाते का? दम खात असेल तर पेट्रोलचा फिल्टर आणि पंप पाहा. क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढते का? हे आठवडाभर वहीत टिपून मग गॅरेजला जा. ‘गाडी बंद पडते’ एवढंच सांगितलं, तर समोरचा प्लगपासून सुरुवात करणारच.

राजूर घाट काय, खामगावकडे जाणारा बोथा घाट काय, आपले लोक उतारावर न्यूट्रल मारतात. मीही मारत होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन फक्त त्या मंद चालीवर जगतं. तीच आजारी असेल तर उतारावर दगा देते. गिअरमध्ये असतं तर चाकांनीच ते फिरवत ठेवलं असतं. इंजेक्शनच्या गाडीत तर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते जळत राहतं. म्हणजे वाचवायला जाऊन आपण जास्तच जाळतो.

शेवटी दोष सापडला तो मलकापूर रस्त्यावरच्या एका तरुण मेकॅनिकला. त्याने पक्कडीत फडकं धरून पाईप अलगद चिमटला आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. इथवर पोचायला त्याला तासभर लागला होता, आणि त्या तासात त्याने एकही सुटा भाग बदलला नव्हता. आपण सुट्या भागाचे पैसे देतो, शोधाचे देत नाही. मग गॅरेजवाला भाग बदलत सुटतो याचं नवल काय? मी पाईपचे पैसे दिले आणि त्या तासाचे वेगळे काढले. तो घेईना. ‘साहेब, फक्त पाईपच तर बदलला,’ म्हणाला. मी ते त्याच्या टूलबॉक्सवर ठेवले आणि गाडी चालू केली.