गोत्र कोणतं?

गेल्या महिन्यात लाँग वीकेंड गाठून नृसिंहवाडीला गेले होते. दर्शन, बासुंदी आणि कवठाची बर्फी, एवढाच साधा प्लॅन. अभिषेकाच्या वेळी पुजाऱ्यांनी विचारलं, ‘‘गोत्र?’’ मी एकदम ब्लँक! पॅन नंबर पाठ, चार पासवर्ड पाठ. गोत्र मात्र आईला फोन करून विचारावं लागलं.

संध्याकाळी मामाकडे रडगाणं सुरू केलं. पुण्यातल्या माझ्या बाल्कनीतली टोमॅटोची रोपं सलग दुसऱ्यांदा माना टाकून मेली होती. पाणी वेळेवर, ऊन भरपूर, तरीही! आता कुंड्या देऊन टाकायच्या आणि प्लास्टिकची फुलं आणायची, असं मी जाहीर करून टाकलं.

‘‘त्या कुंडीत आधी काय हुतं?’’ मामाने विचारलं.

‘‘वांगं. तेही असंच गेलं.’’

‘‘आन् माती?’’

‘‘तीच.’’

‘‘मग! आजारी भावाच्या अंथरुणात दुसरा भाऊ झोपवलास, तर त्यो उठंल व्हय?’’

आपली ट्यूब पेटली, बॉस! वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा ही सगळी सख्खी-चुलत भावंडं. सोलॅनेसी हे त्यांचं कूळ. भावंडांचे आजारही बरेचसे सारखे. मर रोगाचे जिवाणू मातीत दबा धरून बसतात आणि त्याच कुळातलं पुढचं रोप आलं की त्याला गाठतात. म्हणजे कुंडीतही सगोत्र चालत नाही! वांग्यानंतर माती बदला आणि घेवडा, मेथी असं दुसऱ्या कुळातलं काहीतरी लावा. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, हा वरचा बोनस.

दुसऱ्या दिवशी मामीने क्लास घेतला. कवठाचं पान चुरगळून नाकाशी धरायला लावलं, मग बेलाचं, लिंबाचं आणि कढीपत्त्याचं. वास प्रत्येकाचा वेगळा, पण झणझणीतपणा घरातलाच. पान उजेडात धरलं की बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. ही रुटेसी कुळाची खूण. माझ्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या का येतात, तेही कळलं. लिंबावरच्या फुलपाखराला हे कूळ बरोबर ओळखता येतं. त्याने काही बॉटनी केलेली नसते!

ही कुळं काही आजची नाहीत. ज्यूस्यू नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1789 मध्ये फुलांच्या रचनेवरून त्यांची नीट मांडणी केली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वनस्पतींवर यादव आणि सरदेसाई यांचा जाडजूड ग्रंथही 2002 मध्ये आला. मामीने दोन्ही वाचलेलं नाही. तिची परीक्षा मात्र दरवर्षी नदी घेते. 2019 च्या महापुरात तिची अख्खी परसबाग पाण्याखाली गेली, 2021 मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा तिने माळ्यावरचा बियांचा डबा आधी खाली काढला आणि घर सोडताना बरोबर नेला. पाणी ओसरल्यावर त्याच डब्यातून परत सुरुवात. आणि मी दोन रोपांसाठी कुंड्या देऊन टाकायला निघाले होते!

निघताना मामी म्हणाली, ‘‘अगं, उंबराचं फूल झालीयास तू. दिसतच न्हाईस.’’

आता उंबराला फूल नसतं असं थोडंच आहे? वड, पिंपळ, अंजिरासारखंच त्याचं फूल फळाच्या आत दडलेलं असतं, आणि एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरून परागीभवन करते. पण हे ज्ञान मी मामीला ऐकवलं नाही. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं होतं.

माझ्या बॅगेत आता कवठाच्या बर्फीशेजारी मामीने दिलेली घेवड्याच्या बियांची पुडी आहे. तुमच्याही बाल्कनीत एखादं रोप रुसलं असेल, तर खताची महागडी बाटली आणण्याआधी एवढंच विचारा: गोत्र कोणतं? आणि उत्तर सापडलं नाही, तर गावाकडे एक फोन लावा. माझं तरी तिथेच अडलं होतं.