मागे राहिलेल्यांची विचारपूस

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक. मागे राहिलेली आई, बायको, मुलं या आकड्यांत कुठेच नसतात.

शेतकऱ्याच्या घरात तर रडून मोकळं होण्याआधीच कागद गोळा करावे लागतात: पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, कर्जाचा दाखला. त्यावरून जिल्हा समिती प्रकरण सरकारी मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. वर्षानुवर्षं मदतीची रक्कम एकच, १ लाख. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. ‘अपात्र’ शिक्का बसला, की नवऱ्याचं मरणच खोटं ठरवल्यासारखं त्या बाईला वाटतं.

त्यात भेटायला येणारे विचारतात, “तुला आधी काहीच कसं कळलं नाही गं?” हा प्रश्न क्रूर आहे. तोच प्रश्न ती रात्रभर स्वतःला विचारत असते.

त्यापेक्षा तिच्यासोबत तहसील कचेरीत जावं. तेराव्यानंतर, पाहुणे पांगल्यावर, डबा पोचवावा. गेलेल्या माणसाचं नाव न कचरता घ्यावं, त्याच्या आठवणी निघू द्याव्यात. मानसिक आधारासाठी असलेली ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते, मागे राहिलेल्यांनाही तिथे मराठीत मन मोकळं करता येतं. गावातल्या आशा सेविकेनं हा नंबर पहिल्याच आठवड्यात त्या घरी पोचवायला हवा.