आसनाला बळाची जोड

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय योगदिनाचा ठराव संमत केला, तेव्हा तब्बल १७७ देश त्याचे सहप्रस्तावक होते. २०१५ पासून दर २१ जूनला तालुक्याच्या गावीही पहाटे सतरंज्या अंथरल्या जातात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु या समाधानात एक उणीव झाकली जाते. आपल्या घरांत व्यायामाची वाटणी झाली आहे. वडील प्राणायाम आणि चार आसने करतात, मुलगा जिममध्ये लोखंड उचलतो आणि आई घरकामालाच व्यायाम मानते. वडिलांच्या लेखी वजने उचलणे हे परकीय खूळ, तर मुलाच्या लेखी योग हे म्हाताऱ्यांचे काम. दोघांचाही व्यायाम अर्धा आहे, आणि दोघांचेही समज आपल्याच परंपरेच्या विस्मरणातून आलेले आहेत.

योग आणि बलोपासना यांचे वैर आपल्याकडे कधीच नव्हते. पतंजलींनी विभूतिपादात कायसंपत्तीची गणना करताना रूप आणि लावण्य यांच्यासोबत बल आणि वज्रासारखी दृढता यांचाही समावेश केला आहे. अर्वाचीन काळातील सर्वांत बोलके उदाहरण स्वामी कुवलयानंदांचे. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांना प्रयोगशाळेत आणणारे हे जगन्नाथ गणेश गुणे आरंभी योगी नव्हे, तर व्यायामपटू होते. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली शरीर कमावले आणि त्यानंतर मालसरच्या परमहंस माधवदासांकडून योग आत्मसात केला. आधी आखाडा, मग आसन. आणि दुसऱ्यासाठी पहिल्याचा त्याग नाही. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि अमरावतीचे १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याच वृत्तीचे होते.

मराठवाड्याला तर हे वेगळे सांगायला नको. राष्ट्रकूटांचे वैभव पाहिलेल्या कंधारच्या परिसरात तालीम आणि मारुतीचे देऊळ ही जोडी गावोगावी परिचित होती. जोर, बैठका, मुद्गल, करेला, दगडी नाल आणि दोर चढणे हीच इथली जिम. शेजारच्या लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत आजही कुस्त्यांचा फड रंगतो. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, ते याच मातीच्या पुण्याईवर. वजन उचलणे परकीय असेल, तर आमच्या आजोबांनी उचललेले नाल कोणत्या देशातून आले होते?

हा प्रश्न केवळ अभिमानाचा नाही, आरोग्याचा आहे. वयाच्या तिशीनंतर माणसाच्या स्नायूंचे वस्तुमान दर दशकास साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घसरण वेगावते. रक्तातील साखर खर्ची घालणारे सर्वांत मोठे अवयव स्नायूच आहेत; ते झिजले की मधुमेहाला मोकळे रान मिळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. स्नायूंची ही झीज रोखायची, तर त्यांच्यावर क्रमाने वाढणारा भार पडावा लागतो. आसनांत भार आपल्याच देहाचा असतो. तो आरंभी पुरतो, सरावानंतर पुरत नाही. शिवाय आसनांत ढकलण्याची क्रिया आहे, पण ओढण्याची जवळजवळ नाही. सूर्यनमस्काराने छाती आणि दंड घडतात. पाठीला मात्र दोर, मल्लखांब किंवा वजनच हवे. जुन्या वस्तादांनी तालमीत दोर टांगला, तो उगाच नव्हे.

उलट, केवळ जिम करणाऱ्या तरुणाचेही भले नाही. आरशात दिसणारे दंड आणि छाती फुगतात. कंबर आणि खांदे आखडतात. श्वासाचे भान नसते, विश्रांतीची शिस्त नसते, आणि दोन महिन्यांत फळ हवे म्हणून नको त्या भुकट्या पोटात जातात. त्याला शरीराकडे आतून पाहण्याची दृष्टी योगच देऊ शकतो.

मग दोहोंची सांगड कशी घालावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. म्हणजे योग रोज आणि बळाचा व्यायाम एकाआड एक दिवस, असा साधा नेम पुरेसा आहे. क्रमही महत्त्वाचा. आरंभी गतीने केलेले सूर्यनमस्कार अंग तापवतात. त्यानंतर बैठका, जोर, ओढण्याचा एक प्रकार आणि वजन उचलण्याचा एक प्रकार करावा. दीर्घकाळ ताणून धरण्याची आसने त्यानंतर घ्यावीत, कारण ती आधी केल्यास स्नायूंचा जोर काही काळ मंदावतो. शेवटी प्राणायाम आणि शवासन. वजन उचलताना श्वास कोंडू नये. जोर लावताना तो सोडावा. रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय आरंभ करू नये. आहाराची चिंताही अनाठायी आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या निकषानुसार निरोगी प्रौढास वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. बळाचा व्यायाम करणाऱ्याने थोडी अधिक घ्यावीत. आपल्या शिवारातील तूर, हरभरा आणि शेंगदाणे यांना दूधदह्याची जोड दिली, की महागड्या डब्यांची गरज उरत नाही.

या विचारातून आजवर वगळली गेली ती घरातील स्त्री, आणि खरी गरज तिचीच आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात. हाडांना बळकटी येते ती त्यांच्यावर भार पडल्याने. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, की तालुक्याच्या गावातील कुटुंबाची नांदेड वा लातूरची धावपळ सुरू होते. आणि अंथरुणाला खिळलेली आई पुष्कळदा पूर्वीसारखी उठत नाही. पासष्टीच्या पुढील सर्वांना तोल आणि बळ यांचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करण्यास जागतिक आरोग्य संघटना सांगते, ती अशी पडझड टाळण्यासाठीच. वृक्षासनाने तोल साधतो. पण तोल गेल्यावर सावरतात ते मांड्यांचे स्नायूच.

तेव्हा पुढील योगदिनाची वाट न पाहता योगवर्गाच्या कोपऱ्यात दोन मुद्गल आणि वाळू भरलेल्या चार पिशव्या ठेवाव्यात. तालमीत सतरंजी न्यावी. जिमला जाणाऱ्या मुलाने आठवड्यातील दोन पहाटी आईला बैठका शिकवाव्यात. तिने त्याला शवासनात स्वस्थ पडायला शिकवावे. यासाठी ना अनुदान लागते, ना मोठी वास्तू. लागतो तो नेम, आणि तो घरातूनच सुरू होतो.