मजुरीचे माप कोणते?

कामानिमित्त पुण्यास आलेला आमचा शेतकरी बंधू शनिवार पेठेत शनिवारवाड्यापाशी घटकाभर थांबतोच. १७३२ साली पुऱ्या झालेल्या ह्या वाड्यास १६,११० रुपये खर्च आला असे ऐकले म्हणजे त्यास हसू येते. २०१७-१८ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २०१ रुपये मजुरी होती. म्हणजे एका मजुराच्या ऐंशी दिवसांच्या कमाईत पेशव्यांचा वाडा उभा राहावयास हवा! हे अनुमान वेडगळ आहे, हे कोणासही सांगावे लागत नाही. रुपया नावाने तोच. त्यात येणारा माल मात्र तो नव्हे.

परंतु काळाच्या बाबतीत जी चूक कोणी करीत नाही, ती देशांच्या बाबतीत शहाणेसुरतेही करतात. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने २००९ साली ठरलेली ताशी ७.२५ डॉलरची किमान मजुरी २०१७ सालीही कायम होती. आठ तासांचे ५८ डॉलर झाले. त्या सालच्या ६५.१२ रुपये दराने त्यांचे सुमारे ३,७७७ रुपये होतात; आमच्या मजुराच्या जवळजवळ एकोणीस पट. तथापि जागतिक बँकेच्या त्याच सालच्या भावतुलनेप्रमाणे, तिकडे एका डॉलरात जे मिळे त्यास इकडे सरासरीने २०.६५ रुपये पुरत. ह्या मापाने ५८ डॉलरचे मोल सुमारे १,१९८ रुपये, म्हणजे सहापट भरते.

येथे आमच्यातील कित्येक बागायतदार समाधानाने म्हणतील, "आपल्याकडे स्वस्ताई आहे, सबब थोडक्यात भागते." हे मत आम्हांस मान्य नाही. आपल्याकडे विशेष स्वस्त काय आहे? हजामत, धुलाई, गवंडीकाम, हमाली. म्हणजे माणसाचे श्रम. डिझेल, परदेशी खाद्यतेल वा मोबाइल त्या मानाने स्वस्त नाहीत. मजूर स्वतः दुसऱ्याचे श्रम कितीसे विकत घेणार? ह्या स्वस्ताईचा लाभ मुख्यतः आपणांस होतो, आणि ती त्याच्याच तुटपुंज्या कमाईतून निघालेली असते. सरासरीचा आकडा ही गोष्ट झाकून ठेवतो.

दारिद्र्य म्हणजे काय, ह्याविषयीही देशोदेशीच्या कल्पना भिन्न आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ ह्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोजच्या २,२५० उष्मांकांचा आहार पाया धरला, व १९६०-६१ च्या भावाने माणशी दरमहा खेड्यात १५ आणि शहरात २२.५० रुपये ही किमान मर्यादा ठरविली. एकाच देशात गाव व शहर ह्यांत एवढे अंतर! युरोपीय संघात मात्र देशातील मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्क्यांहून ज्याचे उत्पन्न कमी, तो दारिद्र्याच्या छायेत गणला जातो. मग त्याचे पोट भरलेले का असेना. चारचौघांत मानाने राहता येणे हेही तेथे गरजेत मोडते.

आमच्या खेड्यांसही हा विचार परका मानू नये. "मजुरास ज्वारी मिळते, त्यास काय कमी?" असे म्हणणाऱ्याने त्याच्या मुलाची शाळा व घरातील दुखणेबाणे हिशेबात धरले आहे काय? शेतमालाच्या भावात आपल्या घरच्या माणसांच्या श्रमांचे पुरते मोल धरावे, अशी मागणी आपण सरकारकडे करतो, व ती रास्तच आहे. परंतु जे माप आपण आपणांस लावून मागतो, तेच आपल्या बांधावर राबणाऱ्यास लावणे ओघानेच येते.

सबब आमची सूचना अशी की, गावोगावच्या सभासदांनी दर सुगीनंतर एका वहीत नोंद करावी: क्विंटलभर ज्वारी, डॉक्टराची एक खेप व मुलाचा वर्षाचा शाळाखर्च ह्यांस प्रत्येकी किती दिवसांची मजुरी लागते. पुरुषाची व स्त्रीची मजुरी निरनिराळी लिहावी. ती वही प्रथम आपण वाचावी. अमेरिकेशी तुलना त्यानंतर.