ट्रॅक्टरचें तेल मोटारींत नको

उसाचें बिल हातीं आलें कीं बारामती व इंदापूर तालुक्यांतील कित्येक बागाइतदार बंधू आज मोटार घेतात, यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं. तालुक्याचें काम, दवाखाना, मुलांची शाळा, सर्वांसच ती उपयोगी पडते. परंतु नव्या पुष्कळ मोटारींच्या इंजिनास टर्बोचार्जर जोडलेला असतो, आणि तेलाविषयींची आपली समजूत मात्र विहिरीवरच्या जुन्या इंजिनाच्या काळचीच राहिली आहे. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक, तेव्हां तेल जाड तितकें बरें,’ असें पारावर सांगितलें जातें, आणि ट्रॅक्टरसाठीं आणलेलें तेल मोटारींतही ओतलें जातें. या चुकीचें प्रायश्चित्त आम्हीं स्वतः घेतलें आहे, म्हणून हें लिहीत आहों.

आमच्या पुतण्यानें डिझेलवर चालणारी नवी मोटार घेतली. तेल बदलण्याची पाळी आली तेव्हां ‘घरांत डबा असतां बाहेर पैसे कां घालवतोस?’ असा सल्ला आम्हींच दिला. पुढें धुराच्या जाळीचा दिवा वारंवार लागूं लागला, आणि एके दिवशीं भिगवणच्या रस्त्यावर गाडी ओढेनाशी झाली. ट्रॅक्टरचें तेल आणि मळा ते गांव अशा छोट्या खेपा, या दोहोंनीं मिळून जाळी तुंबली, असें कारागिराचें मत पडलें. दुरुस्तींत एका दुभत्या म्हशीची किंमत गेली. तेलावर वांचविलेले पैसे त्यापुढें चिंचोके होते.

याचें कारण सरळ आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले, आणि नव्या डिझेल मोटारींच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी जाळी आली. काजळी जळून जाते. परंतु तेलांत मिसळलेल्या कांहीं द्रव्यांची राख जळत नाहीं, ती सांचतच जाते. म्हणून अशा मोटारीस कमी राखेचें तेल लागतें. पेट्रोलच्या टर्बो इंजिनाचें दुखणें निराळें. कमी फेऱ्यांवर जोर घेतांना ठिणगीपूर्वींच मिश्रण पेटून पिस्टन फुटण्याचें भय असतें. तें टाळण्यास उपयोगी अशी ‘एसपी’ ही तेलाची प्रत एपीआय या अमेरिकन संस्थेनें २०२० सालीं अंमलांत आणली.

खुद्द टर्बो ही कांहीं नवी वस्तु नव्हे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनीं तिचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. धुराच्या जोरानें फिरणारें हें चक्र इंजिनांत हवा दाबून भरतें. त्याचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल पोंचण्यास उशीर झाला किंवा तें तापून करपलें, कीं दांडा झिजलाच.

राहिला जाडीचा प्रश्न. इंजिन एकदां तापलें कीं त्यांतील पाणी थर्मोस्टॅटच्या योगानें सुमारें ९० अंशांवर राखलें जातें, मग बाहेर माघ असो वा वैशाख. डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ यांत पहिला आंकडा थंडींतील व दुसरा १०० अंशांवरील तेलाची जाडी दर्शवितो. जें इंजिन पातळ तेलासाठीं घडविलें त्यांत जाड तेल घातल्यानें संरक्षण वाढत नाहीं. उलट पहांटे इंजिन सुरू करतांना तें टर्बोपर्यंत उशिरां पोंचतें.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करून केस पिकविले. बांधाचा तंटा शेजाऱ्याच्या शब्दावर मिटत नाहीं, मोजणीचा नकाशाच काढावा लागतो. मोटारीचा नकाशा म्हणजे तिच्याबरोबर मिळालेलें पुस्तक. जाडीचा आंकडा, एपीआय अथवा एसीईए यांची प्रत, आणि असल्यास मोटारीच्या कारखानदाराची मान्यता, हीं कलमें त्यांत पाहावीं. तीं डब्यावर जुळलीं तरच तेल घ्यावें. पावती जपून ठेवावी. हमीच्या मुदतींत तिचें काम पडतें. गळिताच्या हंगामांतील धूळ व छोट्या खेपा असतील तर कठीण वापरासाठीं पुस्तकांत दिलेली मुदत पाळावी. गाडी थोडी चालली तरी नेमलेला काळ भरतांच तेल बदलावें. दूरची दौड करून आल्यावर इंजिन तत्काळ बंद न करतां मिनिटभर मंद चालूं द्यावें, म्हणजे टर्बोंतील तेल करपत नाहीं.

गांवोगांवच्या सोसायट्यांच्या भांडारांस आमची एक विनंती आहे. गिऱ्हाइकास ‘स्वस्त देऊं कीं महाग?’ असें न विचारतां ‘पुस्तक आणलें काय?’ असें विचारावें. ट्रॅक्टरचें तेल वाईट नव्हे. ट्रॅक्टरला तें योग्यच आहे. पण उसाचें पाणी डाळिंबास कोणी शहाणा शेतकरी देत नाहीं. शेतांत जो विवेक आपण रोज वापरतों, तो मोटारीचें झांकण उघडतांनाही सोडूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.