नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर

नाहूर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातले आपले कितीतरी बांधव साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. आमच्या शेजारचे काका त्यांपैकीच. मागच्या महिन्यात त्यांच्या साहेबांनी चाकणला तयार होणारी व्हर्टस घेतली. दीड लिटरचे टर्बो इंजिन, १५० हॉर्सपॉवर. काका पेढे घेऊन आले, पण चेहरा उतरलेला. साहेबांच्या चिरंजीवांनी पहिल्याच रात्री गाडी पूर्व द्रुतगती मार्गावर पिटाळली होती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी काकांनाच बजावले, "नवी गाडी आहे, चाळीसच्या वर न्यायची नाही." उद्या इंजिन ऑइल पिऊ लागले तर नोकरी कोणाची जाणार, हे काकूंनी न विचारताच सांगून टाकले.

पूर्वी कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातल्या नव्या फियाटच्या मागच्या काचेवर 'रनिंग-इन' अशी पाटी दिसे. लोकांनी तिचा अर्थ 'हळू चालवा' एवढाच घेतला. तो अर्धाच खरा आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरक्या रेघा ठेवलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर घासून नेमक्या बसाव्या लागतात, आणि त्यांना भिंतीकडे रेटतो तो जळत्या वायूचा दाब. एसी लावून एलबीएस मार्गाच्या कोंडीत गाडी नुसती घुरघुरत ठेवली तर हा दाब मिळत नाही. भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि ऑइल वर चढून जळू लागते. उलट, थंड इंजिन एकदम ताणले तर ऑइल नीट पसरण्याआधीच धातूवर धातू घासतो. म्हणजे बाप-लेक दोघेही चुकले! (हे आम्ही काकांनाच सांगितले. साहेबांना सांगण्याची आमची काय टाप!)

गाडीबरोबरची पुस्तिका इंग्रजीत. काकांच्या बारावीतल्या मुलीने ती वाचून कामाचे तेवढे मराठीत वहीत उतरवले. पहिले १००० किलोमीटर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही. इंजिनाच्या फेऱ्या कमाल मर्यादेच्या दोन तृतीयांशावर न्यायच्या नाहीत. पुढे १५०० पर्यंत हळूहळू वाढवायचे. वेग तासभर एकच ठेवण्यापेक्षा कमी-जास्त करत राहावे, हे आमच्या ओळखीच्या मेकॅनिकचे म्हणणे. ते आम्हांला पटते.

काकांनी पुस्तिकेचे ते पान उघडून साहेबांपुढे ठेवले आणि रविवारी पहाटे ठाण्यावरून घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत फेरी मारण्याची परवानगी मागितली. तिथे चढावर इंजिनाला बेताचा भार मिळतो, आणि उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून पाय काढता येतो. साहेब थोडे कुरकुरले, पेट्रोलचा भाव बोलले, पण हो म्हणाले.

वहीत आता रोजची नोंद आहे. किती किलोमीटर, कोणी चालवली, काडीवर ऑइल किती. परवा आकडा ८६० होता, ऑइल जिथल्या तिथे. चिरंजीवांची रात्रीची फेरी पहिल्या पानावर आहे, तारखेसकट. तिच्याखाली साहेबांची सही आहे.