गोड बोलण्याआधी हिशेब दाखवा



एप्रिल 2023 मध्ये ‘कुवेत न्यूज’ने ‘फेधा’ ही संगणकनिर्मित वृत्तनिवेदिका पडद्यावर आणली, तेव्हा चर्चा तिच्या रूपाचीच अधिक झाली. आभासी सहायक, म्हणजे माणसासारखा संवाद साधणारी संगणकप्रणाली, बातम्या सांगण्यापुरता राहिला असता तर काळजीचे कारण नव्हते. परंतु तो आता कर्ज, विमा आणि गावी पैसे पाठवण्याच्या सेवाही गळी उतरवू लागला आहे, आणि समोरची व्यक्ती विचार कसा करते हे ओळखून त्याने बोलण्याची रीत बदलावी, असा आग्रह धरला जात आहे.

या आग्रहामागे पेटी आणि कॅसिओपो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची मांडणी आहे. तिच्यानुसार माणसाचे मत दोन वाटांनी बदलते: मुद्दे पारखून, किंवा सांगणाऱ्याचा दर्जा, आवाज, चेहरा अशा वरवरच्या खुणांवर विसंबून. विचार करण्याची ज्यांना मुळातच आवड असते ते पहिल्या वाटेने अधिक जातात, आणि ही आवड मोजणारी प्रश्नावलीही या दोघांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केली. मात्र तेवढ्यावरून माणसांचे ‘चिकित्सक’ आणि ‘भोळे’ असे कप्पे पाडणे घाईचे ठरते. त्यांनीच सहसंशोधक गोल्डमन यांच्यासह 1981 मध्ये मांडलेल्या प्रयोगात, नवी परीक्षा पुढच्याच वर्षी लागू होईल असे ज्या विद्यार्थ्यांना सांगितले होते, त्यांनी त्या परीक्षेच्या बाजूच्या मुद्द्यांचा कस पाहिला. ती दहा वर्षांनी येईल असे ज्यांना सांगितले होते, ते सांगणाऱ्याच्या अधिकारावर विसंबले. विद्यार्थी सारखेच, गटही चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडलेले. फरक होता तो झळ कोणाला बसणार याचा.

इथेही स्वभाव नव्हे, परिस्थिती बोलते: कुवेतमधल्या जहरातील गॅरेजमध्ये दिवसभर राबलेला कामगार रात्री इंग्रजी किंवा अरबी संदेश वाचतो तेव्हा तो भोळा नसतो, थकलेला असतो. तोच शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चार ठिकाणी दिनाराचा रेट विचारून मग पैसे पाठवतो. त्याच्या थकव्यालाच स्वभाव मानून त्याच्याशी नुसते गोड बोलणारी यंत्रणा त्याची अडचण हेरून माल खपवते, असेच म्हणावे लागेल. दिनारामागे 50 पैसे कमी मिळाले तर 200 दिनारांवर 100 रुपयांची खोट बसते, आणि ‘शुल्क माफ’ या दोन शब्दांखाली ती सहज झाकली जाते.

सहायकाने बोलावे कसेही, पण होकार घेण्यापूर्वी रेट, शुल्क आणि गावच्या खात्यात जमा होणारी नेमकी रक्कम प्रत्येकाला त्याच्या भाषेत दाखवलीच पाहिजे. कुवेतमधील महाराष्ट्र मंडळाने आणि भारतीय दूतावासाने ही मागणी कुवेतच्या मध्यवर्ती बँकेकडे लावून धरावी.

— एक वाचक, जहरा (कुवेत)